तार जिथे पोचत नाही तिथली वीज

लडाखमधील चुशूल हे ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे 4,400 मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात तेथील पारा उणे 30 अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो. एनटीपीसी आणि भारतीय सैन्यदल यांनी 2024 मध्ये तेथे सौरऊर्जा व हायड्रोजन यांच्या जोडीवर चालणारे एक छोटे, स्वतंत्र वीजजाळे उभारण्याचे काम हाती घेतले. सैन्याच्या ठाण्याला वर्षभर, अहोरात्र 200 किलोवॅट वीज मिळावी आणि डिझेलची जनित्रे बंद व्हावीत, हा त्यामागचा उद्देश. बातमीत भर होता तो हायड्रोजनच्या नावीन्यावर. परंतु या प्रकल्पाने ज्या प्रश्नाला हात घातला आहे, तो भारतात विजेइतकाच जुना आहे. मुख्य जाळ्यापासून दूर असलेल्या वस्तीने किंवा उद्योगाने आपली वीज आपणच कशी निर्माण करावी, आणि यंत्रे बसवून झाल्यावर पुढची वीस-पंचवीस वर्षे ती कोणी सांभाळावीत? सव्वाशे वर्षांच्या या इतिहासात पहिल्या प्रश्नाची उत्तरे वारंवार सापडली. दुसऱ्याचे उत्तर मात्र अनेकदा निसटले.

या इतिहासाचा आरंभ दार्जिलिंगपाशी होतो. गावाच्या खाली, दरीत उतरल्यावर सिद्रापोंग येथे 10 नोव्हेंबर 1897 रोजी भारतातील पहिले जलविद्युत केंद्र सुरू झाले. प्रत्येकी 65 किलोवॅटची दोन जनित्रे, म्हणजे एकूण क्षमता अवघी 130 किलोवॅट. आजच्या एखाद्या मध्यम आकाराच्या गृहसंकुलालाही ती पुरणार नाही. डोंगरातून वाहणाऱ्या झोऱ्यांचे पाणी अडवून नळांतून खाली आणायचे, त्यावर चक्की फिरवायची आणि निर्माण झालेली वीज तारेने पुन्हा वर, गावातल्या रस्त्यांवरील दिव्यांपर्यंत चढवायची, अशी ही योजना होती. पाणी उतरत होते आणि प्रवाह चढत होता. केंद्र नगरपालिकेचे होते. त्याला जोडलेले दुसरे कोणतेही केंद्र नव्हते, कारण देशात दुसरे केंद्रच नव्हते. ज्याला आज ‘ग्रिडबाह्य’ म्हटले जाते, ती त्या काळी विजेची एकमेव अवस्था होती.

पाच वर्षांनी या अवस्थेला उद्योगाचे बळ मिळाले. म्हैसूर संस्थानातील कोलारच्या सोन्याच्या खाणी एव्हाना फार खोल गेल्या होत्या. खाणीतले पाणी उपसणे, खनिज वर ओढणे आणि दगड फोडणे यांसाठी लागणारी शक्ती वाफेच्या यंत्रांतून मिळत असे, आणि त्या यंत्रांना लागणारे इंधन जवळपास कोठेही मुबलक नव्हते. शक्तीचा साठा होता तो दूर, कावेरीवरील शिवसमुद्रमच्या धबधब्यात. दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या कारकिर्दीत त्या धबधब्यावर वीजनिर्मिती करण्याचे ठरले. रॉयल इंजिनिअर्समधील अधिकारी जोली द लोत्बिनिएर यांनी योजना आखली, यंत्रसामग्री अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीकडून आली आणि 1902 च्या जूनअखेरीस सुमारे दीडशे किलोमीटर लांबीच्या तारेतून वीज कोलारला पोचली. जगातील सर्वांत लांब वीजवाहिन्यांत तेव्हा तिची गणना होत असे. शेषाद्री अय्यर यांचे मात्र आदल्याच वर्षी निधन झाले होते.

अभियांत्रिकीच्या दृष्टीने हे यश मोठे होते. तरीही त्याच्या नकाशाकडे दुसऱ्या नजरेने पाहावे लागते. दीडशे किलोमीटरच्या त्या मार्गात कितीतरी खेडी होती, आणि तार त्यांच्या माथ्यावरून जात होती. खुद्द बेंगळुरूच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले ते तीन वर्षांनी, 5 ऑगस्ट 1905 रोजी. यात कोणाचा कपटीपणा नव्हता. उच्च दाबाची वीज खेड्यासाठी खाली उतरवायची तर रोहित्र हवे, खांब हवे, बिल भरणारे ग्राहक हवेत. खाण एकच मोठा ग्राहक होती आणि तिचे पैसे वेळेवर येत. वीज ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्याकडे आधी वाहते, हा नियम भौतिकशास्त्रातला नाही. पण विजेच्या इतिहासात तो ओहमच्या नियमाइतक्याच नेमाने लागू पडत आला आहे.

स्वातंत्र्यानंतर या विखुरलेल्या बेटांना एका जाळ्यात गुंफणे हे राष्ट्रीय ध्येय ठरले, आणि त्यामागचे शास्त्र पक्के होते. जाळे जितके मोठे, तितके मागणीतील चढउतार एकमेकांना भरून काढतात. एका प्रदेशात पाऊस कमी झाला तर दुसरीकडचा कोळसा मदतीला येतो. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर–सोलापूर ही 765 किलोव्होल्टची वाहिनी कार्यान्वित झाली आणि दक्षिण भारताचे जाळे उर्वरित देशाशी एकाच कंप्रतेने धडधडू लागले. ‘एक राष्ट्र, एक ग्रिड’ ही घोषणा प्रत्यक्षात आली, आणि तिचा शेवटचा सांधा महाराष्ट्राच्या सीमेवर जुळला.

परंतु जाळ्याला कडा असतात. नदीच्या मुखाशी विखुरलेली बेटे, खिंडीपलीकडच्या दऱ्या, अभयारण्यातले पाडे, वाळवंटातल्या ढाण्या. अशा ठिकाणी तार नेण्याचा खर्च अंतराबरोबर वाढतो आणि त्या तारेच्या टोकाला असलेली मागणी चार दिव्यांची असते. तेलाच्या किमती भडकल्यानंतरच्या दशकात केंद्र सरकारने या कडांकडे वेगळ्या दृष्टीने पाहण्यास सुरुवात केली. साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड या सार्वजनिक कंपनीने 1977 मध्ये देशातील पहिला सौरघट आणि 1978 मध्ये पहिले सौरपटल तयार केले. 1982 मध्ये अपारंपरिक ऊर्जास्रोतांसाठी स्वतंत्र विभाग निघाला आणि 1992 मध्ये त्याचे मंत्रालय झाले. तंत्र हाती होते. आता ते चालवून दाखवणारे गाव हवे होते.

ते गाव गंगेच्या मुखाशी मिळाले. भारतीय सुंदरबनात शंभरावर बेटे आहेत आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक बेटांवर वस्ती आहे. त्यांतले सागर बेट मकरसंक्रांतीच्या गंगासागर यात्रेमुळे देशभर परिचित असले, तरी यात्रा संपली की तेथे रॉकेलच्या कंदिलांचे आणि काही तास चालणाऱ्या डिझेल जनित्रांचेच राज्य असे. 1996 मध्ये पश्चिम बंगालच्या अक्षय ऊर्जा विकास संस्थेने बेटावरील कमलपूर येथे 26 किलोवॅट क्षमतेचे सौर वीजकेंद्र सुरू केले. या कामामागे अभियंता शांतिपद गणचौधुरी यांचा पुढाकार होता. घराच्या छपरावर सुटे पटल देण्याऐवजी गावासाठी एक केंद्र, त्याची बॅटरीची खोली आणि तेथून घरोघर जाणाऱ्या तारा, अशी ही रचना होती. पुढील वर्षी, 1997 मध्ये, गोसाबा बेटावर लाकडापासून ज्वलनशील वायू तयार करून त्यावर चालणारे 500 किलोवॅटचे केंद्र उभे राहिले.

26 किलोवॅट म्हणजे नेमके किती, याचा साधा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. बंगालच्या उन्हात सरासरी दिवसाला चार ते पाच तास पटल पूर्ण क्षमतेने चालल्याइतकी ऊर्जा मिळते. म्हणजे साधारण 100 ते 130 युनिट. बॅटरीत भरताना आणि काढताना, इन्व्हर्टरमध्ये आणि तारांत मिळून त्यातला चौथा हिस्सा गळतो. उरलेल्या 75 ते 100 युनिटांत समजा शंभर घरे सामावली, तर दर घराच्या वाट्याला दिवसाला एक युनिटही येत नाही. काही दिवे, एक पंखा, लहानसा दूरदर्शन संच आणि तेही संध्याकाळच्या पाच-सहा तासांपुरते. कोणी शेगडी लावली की शेजारच्या दहा घरांचा उजेड त्यात जातो.

म्हणून सागर बेटावर खरा प्रयोग पटलांवर झालाच नाही, तो माणसांच्या संघटनेवर झाला. ग्राहकांची सहकारी संस्था स्थापण्यात आली. कोणाला जोडणी द्यायची, दर महिन्याला किती रक्कम घ्यायची आणि ठरल्याहून अधिक वीज ओढणाऱ्याला कसे आवरायचे, याचे निर्णय गावातले लोक घेऊ लागले. केंद्रावर काम करणारे तरुण स्थानिक होते. मुलांच्या अभ्यासाला आणि बाजारातल्या दुकानांना सूर्यास्तानंतरचे काही तास मिळाले. बेटावर एकामागून एक अशी केंद्रे उभी राहिली. पुढे मुडीगंगा नदीवर उंच मनोरे उभारून मुख्य जाळ्याची तारही बेटावर पोचली आणि सौर केंद्रांचे महत्त्व ओसरत गेले. तरीही ती तार येण्याची वाट पाहत एक अख्खी पिढी अंधारात बसली नाही, हे श्रेय त्या केंद्रांचेच.

याच काळात राजस्थानातील तिलोनिया येथे दुसऱ्या प्रश्नावर काम चालले होते. 1972 मध्ये बंकर रॉय यांनी स्थापन केलेल्या तेथील बेअरफूट कॉलेजने असे गृहीत धरले की, दूरच्या खेड्यात यंत्र दुरुस्त करणारा माणूस त्याच खेड्यातला असला पाहिजे. शहरात शिकलेला तरुण कौशल्य हाती येताच शहरात परततो. गावातली आजी गाव सोडत नाही. म्हणून अक्षरओळख नसलेल्या किंवा अल्पशिक्षित प्रौढ स्त्रियांना सौरदिव्यांची जुळणी आणि दुरुस्ती शिकवण्यात आली. रंगांच्या खुणा, आकृत्या आणि हाताने पुन्हा पुन्हा करून पाहणे, हे तेथील शिक्षणाचे माध्यम. पुढे आफ्रिकेतल्या आणि इतर देशांतल्या स्त्रियाही तिलोनियाला येऊन हे काम शिकून गेल्या. रोध कसा ओळखायचा हे शिकण्यासाठी ‘रोध’ हा शब्द लिहिता येण्याची आवश्यकता नसते, हे तिलोनियाने सिद्ध केले.

या दोन्ही अनुभवांचा विसर पडला की काय होते, ते बिहारमधील धरनई गावात दिसले. जहानाबाद जिल्ह्यातील या गावाची वीज तीन दशकांहून अधिक काळ बंद पडलेली होती. जुलै 2014 मध्ये ग्रीनपीस या संस्थेने सहकारी संस्थांसह तेथे 100 किलोवॅटचे सौर सूक्ष्मजाळे उभारले. सुमारे 450 घरे, दुकाने, शाळा, आरोग्य केंद्र, रस्त्यावरील दिवे आणि पाण्याचे पंप त्यावर चालणार होते. देशभर त्याचे कौतुक झाले. काही आठवड्यांतच नीतीश कुमार गावात आले, तेव्हा लोकांनी त्यांच्यासमोर मागणी ठेवली ती ‘असली बिजली’ची. सौर वीज त्यांच्या लेखी ‘नकली’ होती.

या शब्दांवर त्या वेळी पुष्कळांनी नाक मुरडले. गावकऱ्यांच्या जागी उभे राहून पाहिले, तर त्यांचा तर्क चुकीचा नव्हता. शीतकपाट, इस्त्री, मोठा पंप सुरू केला की जाळे बंद पडे. मोटार सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. मोठ्या जाळ्याला तो धक्का कळतही नाही, 100 किलोवॅटच्या जाळ्याला तो सोसत नाही. दराचेही तसेच. मुख्य जाळ्यातील ग्रामीण वीज इतर ग्राहकांच्या पैशावर आणि सरकारी अनुदानावर स्वस्त राहते. सूक्ष्मजाळ्याला असा कोणताही आधार नसतो आणि त्याच्या दर युनिटात बॅटरीची झीज धरावी लागते. शेजारच्या गावापेक्षा महाग वीज घ्यायची आणि तिच्यावर शीतकपाटही चालवायचे नाही, हा सौदा कोण आनंदाने स्वीकारील? लवकरच मुख्य जाळे गावात आले. सौर जाळ्याचे ग्राहक कमी झाले, वसुली घटली, बॅटऱ्या थकल्यावर नव्या घेण्यास पैसा उरला नाही. काही वर्षांनी पत्रकार तेथे पोचले तेव्हा केंद्राच्या आवारात गुरे बांधलेली होती.

धरनईचा दाखला देऊन छोट्या जाळ्यांची कल्पनाच निकालात काढणे सोपे आहे, आणि तसे केलेही जाते. प्रत्यक्षात तेथे सौरघट हरले नव्हते. हरला होता तो हिशेब, आणि हरले होते ते धोरण. विद्युत अधिनियम 2003 ने ग्रामीण भागातील स्वतंत्र वीजयंत्रणांना मान्यता दिली होती आणि राज्याने अधिसूचित केलेल्या ग्रामीण क्षेत्रांत निर्मिती व वितरणासाठी परवान्याची अटही काढून टाकली होती. परंतु मुख्य जाळे गावात आले की आधीच्या छोट्या जाळ्याचे काय करायचे, याबद्दल बहुतेक ठिकाणी मौन होते. उत्तर प्रदेशाने 2016 च्या आपल्या धोरणात या प्रश्नाला प्रथमच थेट उत्तर दिले: अशा जाळ्याने मुख्य जाळ्याला वीज विकावी, किंवा वितरण कंपनीने ते योग्य मोबदला देऊन ताब्यात घ्यावे. एवढी तरतूद असती, तर धरनईची पटले उन्हात निरुपयोगी पडून राहिली नसती. दिवसा निर्माण होणारी वीज तारेतून बाहेर गेली असती आणि गावाला तिचे पैसे मिळाले असते.

हिशेब आधी मांडणाऱ्या गावाचे उदाहरण महाराष्ट्रातही आहे. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील दरेवाडी या डोंगरातल्या वाडीत 2012 मध्ये ग्राम ऊर्जा या पुण्यातील संस्थेने सुमारे 9 किलोवॅटचे सौर सूक्ष्मजाळे उभारले. घरे जेमतेम चाळीस. प्रत्येक घराला मीटर बसवला गेला, गावकऱ्यांच्या न्यासाने वसुली हाती घेतली आणि दर ठरवताना पुढे बदलाव्या लागणाऱ्या बॅटऱ्यांचा खर्चही त्यात धरला गेला. युनिटचा दर शहरापेक्षा बराच जास्त होता. पण तो कशासाठी जास्त आहे, हे प्रत्येक घराला ठाऊक होते. फुकट मिळालेल्या यंत्राची मालकी कोणाचीच नसते. ज्याच्या दुरुस्तीसाठी दरमहा पैसे बाजूला काढले, ते यंत्र आपले होते.

28 एप्रिल 2018 रोजी मणिपूरमधील लेइसांग या गावात वीज पोचली आणि जनगणनेतील प्रत्येक वस्तीचे गाव विद्युतीकृत झाल्याचे जाहीर करण्यात आले. त्या वेळच्या व्याख्येनुसार सार्वजनिक इमारतींत आणि किमान दहा टक्के घरांत वीज असली की गाव विद्युतीकृत गणले जाई. उरलेल्या घरांसाठी 2017 मध्येच सौभाग्य योजना सुरू झाली होती. 3 फेब्रुवारी 2019 रोजी श्रीनगर–लेह या 220 किलोव्होल्टच्या वाहिनीचे लोकार्पण झाले आणि लडाख राष्ट्रीय जाळ्याशी जोडले गेले. तोवर लेह शहर लहान जलविद्युत केंद्रांवर आणि डिझेलवर चालत होते. मग ग्रिडबाह्य विजेचा अध्याय संपला का?

चुशूलची बातमी पुन्हा वाचली की उत्तर मिळते. तार लेहला आली तरी सीमेवरची ठाणी तिच्यापासून कितीतरी दूर आहेत. तेथे डिझेल न्यायचे तर उन्हाळ्यात खिंडी खुल्या असतानाच साठा करावा लागतो. 4,400 मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश उरते, त्यामुळे इंजिनाला प्राणवायू कमी पडतो आणि त्याची शक्ती घटते. साधे डिझेल कडाक्याच्या थंडीत मेणासारखे घट्ट होऊ लागते. बॅटरीतील रासायनिक क्रियाही थंडीत मंदावतात. सूर्य मात्र तेथे भरपूर आहे; विरळ आणि कोरडी हवा त्याचे किरण फारसे अडवत नाही, आणि थंडीत सौरघटांची कार्यक्षमता उलट वाढते.

अडचण साठवणुकीची आहे. दिवसाचे ऊन रात्रीपर्यंत बॅटरी नेऊ शकते. पण उन्हाळ्यातले ऊन हिवाळ्यापर्यंत नेणे तिला परवडत नाही. हायड्रोजनचा उपयोग येथे होतो. जास्तीच्या विजेने पाण्याचे विघटन करायचे, हायड्रोजन टाक्यांत भरून ठेवायचा आणि गरज पडेल तेव्हा इंधनघटात त्याची प्राणवायूशी सांगड घालून वीज परत मिळवायची. या फेरीत साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा गमवावी लागते, हे मान्य करावेच लागेल. सपाटीवर हा व्यवहार तोट्याचा ठरेल. परंतु जेथे डिझेलचा प्रत्येक पिंप खिंडी ओलांडून आणावा लागतो आणि इंधनघटातून सुटणारी उष्णताही वाया न जाता निवारा उबदार ठेवू शकते, तेथे तोट्याची व्याख्या बदलते. कार्यक्षमता हा आकडा प्रयोगशाळेत एक असतो आणि खिंडीपलीकडे दुसरा.

सिद्रापोंगच्या 130 किलोवॅटपासून चुशूलच्या 200 किलोवॅटपर्यंतचे अंतर आकड्यांत क्षुल्लक दिसते. या दोन आकड्यांच्या मध्ये मोठ्या जाळ्याचे सारे वैभव सामावले आहे, आणि त्या वैभवाच्या कडेला राहिलेल्या गावांचा अनुभवही. सैन्याच्या ठाण्याकडे शिस्तबद्ध मनुष्यबळ असते आणि देखभालीसाठी निश्चित तरतूद असते. कोलारच्या खाणीकडेही ती होती. एखाद्या पाड्याकडे ती नसते. चुशूलचे तंत्र उद्या स्वस्त होऊन सीमेवरच्या नागरी वस्त्यांपर्यंत आणि हिमालयातील इतर खोऱ्यांपर्यंत पोचेल, अशी आशा बाळगण्यास जागा आहे. ते पोचेल त्या दिवशी यंत्राबरोबर आणखी तीन गोष्टी पोचल्या पाहिजेत: दुरुस्ती जाणणारी गावातली माणसे, झिजणाऱ्या भागांसाठी दरमहा बाजूला पडणारा पैसा आणि मुख्य तार आली तर काय करायचे याचा आधीच लिहून ठेवलेला करार. या तिन्ही गोष्टी या देशात कुठे ना कुठे करून पाहिलेल्या आहेत. त्या एकाच गावात एकत्र आणणे, एवढेच काम शिल्लक आहे.

#विज्ञानाचा_इतिहास #ऊर्जा #लडाख